जुन्या स्पीकरमधली काचलोकर फेकू नका

जुने स्पीकर दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींत सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. 1960-70 च्या दशकातला स्पीकर हाती आला, की आतली काचलोकर (ग्लासवूल, काचेच्या तंतूंचं भरण) काढून फेका, कारण ती ॲस्बेस्टॉसइतकीच घातक असते आणि इतक्या वर्षांत तिचा गुणही गेलेला असतो. तिच्या जागी उशीत भरतात तो रेक्रॉन पेटी गच्च होईपर्यंत ठासा, बेस वाढतो. शिवाय पेटीच्या फळ्या पातळ असतील तर गाडीच्या दारांना लावतात ती डांबरी शीट आतून सगळीकडे चिकटवा, म्हणजे भरणाची फारशी गरजच उरत नाही. हे ऐकून लोकांनी चांगल्या जोड्या बिघडवलेल्या मी पाहिल्यात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तब्येतीचा. ॲस्बेस्टॉस आणि काचलोकर एका पंक्तीत बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला कारणीभूत ठरतंच अशा गोष्टींत ठेवलंय. इमारतींत वापरतात ती काचलोकर 1988 मध्ये ‘शक्यता आहे’ या गटात होती. 2001 च्या फेरतपासणीत तिला त्यातून काढून तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाशी संबंध लावण्याइतका पुरावा नाही. हात खाजतात, घसा खवखवतो, हे मात्र खरं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या घाला, गॅलरीत काम करा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. पेटी बंद झाली की ती लोकर कुठे उडून जात नाही.

‘गुण गेला’ म्हणजे काय, हे तर मला कळतच नाही. काच कुजत नाही. होतं ते एवढंच, की उभ्या पेटीत लोकर वर्षानुवर्षं खाली बसत जाते आणि वर ट्विटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, मागे पोकळी राहते. हाताने हलकेच पिंजून ती पुन्हा वर बसवायची, सुती जाळीने अडकवायची, झालं.

खरंखुरं कुजतं ते फोम. त्या काळातला पॉलियुरेथेन फोम दमट हवेत चिकट होतो, बोट लावलं की पिठासारखा सुटतो, आणि त्याचे कण वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कॉइलच्या फटीत गेले की आवाज खरखरतो. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत राहिलेल्या पेट्यांत हे हमखास दिसतं. असा फोम बदलायलाच हवा, पण तेवढ्याच जाडीच्या, आरपार छिद्रांच्या फोमने. दुकानातच तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली तर घ्या. पॅकिंगचा फोम आणि थर्माकोल या परीक्षेत लगेच नापास होतात. (अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना एवढंच सांगेन, की इतका पातळ पुठ्ठा पेटीच्या आत जवळजवळ काहीच शोषत नाही.)

आता बेसचा मुद्दा. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच आहे.

1954 मध्ये अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-1 हा स्पीकर काढला. वूफर मुद्दाम सैल टांगायचा आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग करायचं, ही त्यातली कल्पना. पुढचे एआर-3, एआर-3ए त्याच घराण्यातले. एआर-3ए चा वूफर मोकळ्या हवेत सुमारे 18 हर्ट्झला घुमतो, पेटीत बसवल्यावर सुमारे 42 ला. हा फरक हवेच्या स्प्रिंगमुळे पडतो, आणि ती स्प्रिंग किती कडक असावी हे काही अंशी भरणावर ठरतं. हवा दाबली की तापते आणि जास्त विरोध करते. बारीक तंतू ती उष्णता झटकन पिऊन घेतात, म्हणून हवा नरम वागते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी चालते. हिशेबाने हा फायदा जास्तीत जास्त 40 टक्के. प्रत्यक्षात 15-20 टक्के मिळाला तरी चांगलं. त्यापुढे भरत गेलात तर घर्षण वाढतं आणि बेस वाढायच्या ऐवजी कोरडा पडतो.

शिवाय उष्णता पिण्याचं काम तंतूच्या पृष्ठभागाचं. काचलोकरीचा तंतू साधारण 5 मायक्रॉनच्या आसपास, उशीतल्या पॉलिएस्टरचा त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणून वजनाला वजन लावून बदली करता येत नाही.

पुण्यातल्या एका मित्राची साधारण 40 लिटरची बंद पेट्यांची जोडी माझ्याकडे आली होती. डग्गा लाकडी खोक्यावर थाप मारल्यासारखा वाजत होता. वूफर काढला तर आतून रेक्रॉन फुगून बाहेर आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला: एका पेटीत 1 किलो 480 ग्रॅम, म्हणजे लिटरला 37 ग्रॅम. मूळ काचलोकर कचऱ्यात गेली होती, ती काही परत मिळणार नव्हती. मी रेक्रॉन लिटरला 14 ग्रॅमवर आणला, सगळीकडे सारखा पिंजून भरला, वूफरच्या पाठीमागे मलमलचा तुकडा ताणून लावला. मींड घेतानाचा डग्गा पुन्हा डग्ग्यासारखा ऐकू यायला लागला.

आणि हे सगळं बंद पेटीपुरतं. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी नळीचं भोक ठेवलेल्या, पेटीत ठासून भरणं म्हणजे पोर्टच मारून टाकणं. तिथे फक्त भिंतींना अस्तर, पोर्टच्या तोंडासमोर मोकळी जागा. व्हॉल्व्ह रेडिओच्या मागून उघड्या कॅबिनेटमध्ये तर काहीच भरू नये, भरण व्हॉल्व्हच्या उष्णतेने तापेल.

राहता राहिली डांबरी शीट. इथे दोन वेगळी कामं एकत्र केली जातात. शीट फळीचं थरथरणं मारते. लोकर आणि फोम आतल्या हवेतल्या लाटा मारतात. आतून 50 सेंमी उंच पेटीत 344 हर्ट्झच्या आसपास उभी लाट (दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा आवाज) तयार होते, भिंतीवर कितीही डांबर लावा, तिला फरक पडत नाही. तिच्यासाठी पोकळीच्या मधोमध तंतू लागतात, कारण हवा तिथे सगळ्यात जोरात हलते, भिंतीलगत नाही.

पातळ फळी म्हणजे काटकसर, हेही चूक. बीबीसीच्या 1970 च्या दशकातल्या एलएस3/5ए या छोट्या स्पीकरमध्ये पातळ बर्च प्लायवुडला आतून डांबरी पॅड लावलेत आणि त्यावर फोमचं अस्तर आहे. बीबीसीचे इंजिनिअर हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1977 च्या अहवालात याचं कारण मांडलं: पातळ फळीला नीट डॅम्पिंग दिलं, म्हणजे तिचं थरथरणं मारलं, की तिचा घुमारा जाड, कोऱ्या फळीपेक्षा कानाला कमी टोचतो. अशा पेटीत पॅड आधीच हिशेबाने लावलेले असतात. त्यांवर आणखी थर चढवला तर आतली जागा कमी होते, आणि 5 लिटरच्या पेटीत तेवढंही जाणवतं.

पेटी उघडण्याआधी वूफरचा इम्पीडन्स (वेगवेगळ्या हर्ट्झला विजेला होणारा विरोध) मोजून त्याचा आलेख घ्या. 100 ओहमचा एक रेझिस्टर आणि लॅपटॉपवरचं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. उघडल्यावर फोटो काढा, डाव्या-उजव्या पेटीचं भरण वेगळ्या पिशव्यांत ठेवा, प्रत्येक पिशवीवर वजन लिहा. काम झाल्यावर पुन्हा मोजा आणि आलेखाचा उंचवटा पहिल्याच जागी आला का ते पाहा.