नाट्यशास्त्राची पदवी आणि पोटापाण्याचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाट्यशास्त्राच्या पदवीतून चरितार्थ चालू शकतो, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. नटाला काम देताना त्याची पदवी कोणी विचारत नाही, डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही वैद्यकीय शिक्षण घेऊन रंगभूमीवर आले. आणि बारावी झालेल्या आपल्या मुलीला या शाखेत घालणे म्हणजे तिला जन्मभराच्या ओढगस्तीत ढकलणे आहे. एका वडिलांनी विचारलेल्या या प्रश्नांची वरवरची उत्तरे देणे योग्य होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि वस्तुस्थिती आपण म्हणता त्याहून कठोर आहे. व्यावसायिक नाटकात नटाला पगार नसतो, ‘नाईट’ असते. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर नाही. समजा, नव्या नटाची नाईट २,००० रुपये आहे आणि महिन्यात ८ प्रयोग लागले, तर हातात १६,००० रुपये येतात. त्यातही परीक्षांच्या दिवसांत बुकिंग मंदावते, गणपतीत प्रयोग कमी लागतात, आणि तालमीच्या महिन्यात बहुतेकांना प्रवासखर्चापलीकडे फारसे काही मिळत नाही. मालिकेत दिवसाचा दर बरा असला, तरी केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी देण्याचा प्रघात आहे, आणि तोवरचे घरभाडे ज्याचे त्याला भरावे लागते.

मात्र याच आकड्यांवरून मी आपल्यापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येतो. मिळकत सुरुवातीला अशी तुटपुंजी आणि अनियमित राहणार हे ठाऊक असताना, पदवी परवडेल की नाही हे मुख्यतः तिच्यासाठी किती पैसे मोजले यावरून ठरते. खासगी संस्थेत शिकण्यासाठी ७ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले आणि ७ वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता साडेअकरा हजारांच्या वर जातो. वरच्या उदाहरणातील १६,००० रुपयांतून तो भरणारा मुलगा वर्षभरात रंगभूमी सोडून मिळेल ती नोकरी धरतो. उलट पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागासारख्या सरकारी विद्यापीठांच्या विभागांत शिकणाऱ्यावर असे कर्ज सहसा नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर विद्यार्थ्यालाच दरमहा शिष्यवृत्ती मिळते, मात्र तेथील तीन वर्षांच्या पदविकेसाठी आधी कोणत्या तरी शाखेचा पदवीधर असावे लागते.

येथे एका गोष्टीवर भर देतो, कारण प्रवेशाच्या गडबडीत पालकांचे तिच्याकडेच दुर्लक्ष होते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची नाट्यशास्त्रातील पदवी ही इतर कोणत्याही पदवीइतकीच पदवी असते. राज्यसेवेच्या किंवा बँकांच्या ज्या जाहिरातींत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असे लिहिलेले असते, त्यांना आपली मुलगी अर्ज करू शकेल. अभिनयाच्या खासगी वर्गाचे प्रमाणपत्र, त्यावर कितीही नामवंत नटाची सही असली, तरी या कामी येत नाही.

आता तीन डॉक्टरांविषयी. डॉ. लागूंनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली ती १९६९ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. तोवर दवाखान्यामुळे त्यांना नाटकावर पोट भरण्याची गरज नव्हती. त्यांच्या उदाहरणावरून नटाला दुसऱ्या उत्पन्नाचा आधार हवा, एवढेच सिद्ध होते, आणि ते मलाही मान्य आहे. परंतु तो आधार नाटकाच्या शिक्षणातून उभा राहूच शकत नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तो उभा राहतो, आणि बहुधा अभिनयाच्या बाहेर. प्रकाशयोजनेचे उदाहरण घ्या. दुपारच्या प्रयोगाआधी मिळालेल्या दोन-तीन तासांत दिवे टांगून फोकस करायचे, डिमरची (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांची) विभागणी करायची, क्यूशीट (कोणता दिवा कधी लागायचा याची यादी) प्रकाशनियंत्रणाच्या बोर्डवर चढवायची, आणि रात्री दुसऱ्या गावच्या नाट्यगृहात, जिथे निम्मेच दिवे चालू असतात, तेच दृश्य पुन्हा उभे करायचे. हे काम जाणणाऱ्या माणसाला नाटकाबरोबरच नृत्याचे कार्यक्रम, कंपन्यांचे समारंभ आणि प्रदर्शनेही बोलावतात. नेपथ्य, वेशभूषा आणि निर्मिती व्यवस्थापन यांचेही तसेच आहे. पदवीच्या तीन वर्षांत ही सगळी कामे सक्तीने करावी लागतात. केवळ अभिनयाच्या ओढीने आलेला मुलगा एरवी त्यांच्या वाटेला गेला नसता.

दुसरा आधार अध्यापनाचा. पदव्युत्तर शिक्षणानंतर नाट्य विषयात नेट, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते. तिच्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. अशा जागा मोजक्याच निघतात आणि आपल्या राज्यात कित्येक पात्र उमेदवार वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबत आहेत, हेही आपल्यापासून लपवत नाही. गोव्यात मात्र शाळांमध्ये नाट्यकला हा विषय शिकवला जातो, त्यासाठी नाट्यशिक्षक नेमले जातात, आणि कला अकादमीत शिकलेल्या मुलामुलींना त्यातून नियमित वेतनाचे काम मिळाले आहे. महाराष्ट्रातील शाळांत असे पद निर्माण व्हावे, ही मागणी नाट्यपरिषदेच्या व्यासपीठावरून नेटाने मांडली जायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण या पदवीच्या अर्थकारणात त्याने जितका फरक पडेल तितका कोणत्याही पुरस्काराने पडणार नाही.

आपल्या मुलीबाबत माझे मत विचारले नसतानाही देतो. सरकारी विद्यापीठाच्या विभागात प्रवेश मिळत असेल आणि कर्ज काढावे लागत नसेल, तर तिला जाऊ द्यावे, आणि पहिल्याच वर्षी तिने अभिनयाखेरीज रंगभूमीवरचे एक तांत्रिक अंग पक्के धरावे. कर्जाशिवाय प्रवेश शक्य नसेल, तर तिने आधी गावातल्या महाविद्यालयातून पदवी घ्यावी, त्या काळात राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत काम करावे, आणि मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यावी. संस्था कोणतीही निवडली, तरी शुल्क भरण्यापूर्वी तेथून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तीन-चार विद्यार्थ्यांना गाठून, आज त्यांचे घर कशावर चालते हे आपण स्वतः विचारावे.