‘मॅमोग्राफीनेच कॅन्सर होतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘मॅमोग्राफी (म्हणजे स्तनांचा एक्स-रे) करू नका, तिनेच कॅन्सर होतो’ असा मजकूर बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. एक्स-रेच्या किरणांनी कॅन्सर होतो. स्तन दाबल्याने गाठ फुटून पसरते. परदेशातल्या संशोधनानेच ही तपासणी निरुपयोगी ठरवली आहे. म्हणून किरण नसलेली, स्पर्श नसलेली थर्मल तपासणी करा, ती कॅन्सर दहा वर्षं आधी दाखवते. पाठवणारी मैत्रिणीच्या काळजीपोटीच पाठवते, याबद्दल मला शंका नाही. पण या चार मुद्द्यांतला एक अर्धा खरा आहे आणि एक जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे उत्तर.

आधी किरण. एक्स-रेने पेशींना इजा होऊ शकते हे खरं आहे, प्रश्न मात्रेचा आहे. नेहमीच्या मॅमोग्राफीत दोन्ही स्तनांच्या मिळून चार प्रतिमा घेतात आणि त्यांत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एका तपासणीतली मात्रा दोन महिन्यांच्या साध्या जगण्याएवढी. धोका अगदी शून्य नाही, आणि तरुण वयात स्तनांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात. म्हणूनच पंचविशीतल्या निरोगी मुलीला कुणी दरवर्षी मॅमोग्राफी करायला सांगत नाही.

दाबण्याचा मुद्दा लवकर संपतो. स्तन काही सेकंद दाबतात, कारण एकावर एक आलेल्या ऊती पसरल्या की त्यांच्याआड काही लपत नाही, आणि जाडी कमी झाली की किरणही कमी लागतात. त्या दाबाने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. दुखतं मात्र खरंच. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर त्रास कमी होतो. याच भीतीची बहीण म्हणजे ‘सुई लावली की गाठ खवळते’. या एका वाक्यापायी बायका महिनोन् महिने बायोप्सी टाळतात. गाठ कॅन्सरची आहे का, असल्यास कोणत्या प्रकारची आणि तिला कोणतं औषध लागू पडेल, हे सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच ठरतं.

आता संशोधन. इथे फॉरवर्ड हवेत बोलत नाही. कॅनडात सुमारे ९०,००० बायकांवर झालेल्या अभ्यासाचे २५ वर्षांचे निष्कर्ष २०१४ साली आले, आणि मॅमोग्राफी झालेल्या व न झालेल्या गटांत कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. मजकूर इथेच थांबतो. त्या अभ्यासात मॅमोग्राफी न झालेल्या गटातल्या पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची दरवर्षी हाताने नीट तपासणी होत होती, हे तो सांगत नाही. स्वीडनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या दोन जिल्ह्यांच्या चाचणीत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९८५ साली दिसलं, तेही सांगत नाही. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१२ साली दोन्ही बाजू मांडल्या: पन्नाशीच्या १०,००० बायकांना २० वर्षं तपासणीसाठी बोलावलं तर सुमारे ४३ मृत्यू टळतात, आणि सुमारे १२९ जणींना अशा कॅन्सरचं निदान होतं जो एरवी त्यांना आयुष्यात त्रास देणारच नव्हता. ही किंमत लहान नाही. ती प्रत्येकीला आधी सांगितली पाहिजे, आणि सगळं समजून एखादीने नको म्हटलं तर तो तिचा हक्क आहे.

पण हा सगळा वाद काहीही तक्रार नसलेल्या बायकांचा आहे. जिच्या हाताला गाठ लागते, स्तनाग्रातून रक्त येतं किंवा कातडीला खळी पडते, तिचा या आकड्यांशी संबंध नाही. तिची तपासणी निदानासाठी असते. फॉरवर्ड हा फरक करत नाही आणि नेमका तिच्याही फोनवर जाऊन पोचतो. माझा खरा राग यावर आहे.

‘मॅमोग्राफी भारतावर लादली जातेय’ असंही काही मजकुरांत असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे, सरसकट मॅमोग्राफी नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर हाच मार्ग तपासला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ साली आलेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले, त्याआतल्या वयात तसा फायदा दिसला नाही. परळच्या रुग्णालयाचं हे काम या फॉरवर्डइतकं फिरलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि थर्मल तपासणी. हा कॅमेरा कातडीचं तापमान मोजतो, आत पाहत नाही. खोलवरच्या लहान गाठीची उष्णता पृष्ठभागापर्यंत ओळखू येईल अशी पोचेलच असं नाही, आणि सुरुवातीच्या कॅन्सरची खूण ठरू शकणारे कॅल्शियमचे बारीक कण त्यात दिसतच नाहीत. अमेरिकेत १९७३ साली सुरू झालेल्या मोठ्या तपासणी प्रकल्पात ही पद्धत होती आणि कमी पडली म्हणून वगळली गेली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या एफडीएने १९८२ साली तिला फक्त जोडतपासणी म्हणून मान्यता दिली, आणि मॅमोग्राफीऐवजी ती वापरू नका असा इशारा २०१९ साली दिला. ‘दहा वर्षं आधी’ या दाव्याला आधार नाही.

किरणांचीच भीती असेल तर सोनोग्राफीतही एक्स-रे नसतात. तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत ती ऊती आणि गाठ दोन्ही पांढरीच दिसतात, म्हणून तिशीच्या आत डॉक्टर आधी सोनोग्राफीच सांगतात. बीआरसीए जनुकात दोष असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो, अशांसाठी एमआरआय आहे. पण कॅल्शियमचे कण मॅमोग्राफीइतके सोनोग्राफीत दिसत नाहीत, त्यामुळे चाळिशीपुढे गाठ असेल तर बहुधा दोन्ही लागतात.

सोसायटीतल्या शिबिरात थर्मल रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि गाठ हाताला लागतेच आहे, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवून याच आठवड्यात सर्जनला दाखवा. मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी हेच, कारण तीही काही कॅन्सर चुकवते. डॉक्टरांचा हात, प्रतिमा आणि सुईची तपासणी यांचं उत्तर एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही, तर बायोप्सी पुन्हा करायची.