‘साठीनंतर घरात शांत बसा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘साठी ओलांडली की मेंदूला विश्रांती हवी. स्मृतिभ्रंश रक्तातच असतो, तो टळत नाही. रोज शब्दकोडं सोडवा, भिजवलेले बदाम खा. घरात माणसं असताना बाहेरच्यांची गरज काय? कट्ट्यावरच्या गप्पा म्हणजे डोक्याला ताप. म्हातारं माणूस शांत झालं, म्हणजे ते पिकलं.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात आई-वडिलांची काळजीच असते. पण त्याप्रमाणे वागलं तर नुकसान त्याच आई-वडिलांचं होईल, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘रक्तातच असतो, टळत नाही.’ आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि वयाचा तर मोठाच असतो. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येतील असे १४ धोके दिले आहेत. ते सगळे दूर झाले तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबू शकतो. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं यांच्या रांगेतच माणसांपासून तुटणं हाही एक धोका आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. एवढ्या घरांना ‘आता काही होत नाही’ असं सांगणं क्रूर आहे.

‘शब्दकोडं सोडवा.’ आवडत असेल तर जरूर सोडवावं. पण अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्या कौशल्याचा सराव केला तेवढंच सुधारलं. पाठांतराचा सराव करणाऱ्याची तर्कशक्ती वाढली नाही. आता आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर बसलेली चार म्हातारी माणसं बघा. पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या जुन्या फुटबॉल सामन्यावरून त्यांचा वाद पेटलेला असतो. गोल कुणी मारला हे आठवायचं, दुसऱ्याचं ऐकून त्यातली चूक पकडायची, आपली पाळी येईपर्यंत मुद्दा डोक्यात धरून ठेवायचा, समोरचा खरंच चिडला की नुसता आव आणतोय हे चेहऱ्यावरून ओळखायचं. हे सगळं एकाच वेळी करायला लावणारं कोडं कुठल्या पेपरात येतं?

बदाम खुशाल खावेत. एखाद्या पदार्थानं स्मृतिभ्रंश टळतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

‘घरात माणसं असताना बाहेरच्यांची गरज काय?’ सगळ्यांना पटणारं आणि म्हणूनच सगळ्यात घातक वाक्य हे आहे. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा २८ वर्षं पाठपुरावा झाला. साठाव्या वर्षी जे मित्रांना जवळपास रोज भेटत, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका क्वचित भेटणाऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्के कमी दिसला. नातेवाइकांच्या भेटींबाबत असा संबंध आढळला नाही. यावर आक्षेप येतो: ज्यांचा मेंदू आधीच मंदावतोय तेच बाहेर पडायचं टाळत असतील. आक्षेप रास्त आहे आणि अशा पाहणीतून पक्का कार्यकारणभाव ठरत नाही. पण निदानाच्या कितीतरी वर्षं आधीची सवय इथं मोजली होती, म्हणून ही नोंद सहज झटकून टाकता येत नाही.

आपल्या घरांकडे पाहिलं तर मला त्याचं नवल वाटत नाही. ‘आबा, गोळी घेतली का?’, ‘आई, जेवलीस का?’ एवढ्यावर दिवस सरतो. ही माया आहे, पण गप्पा नाहीत. मित्राला आबांचं मत हवं असतं; घरात ते फार कमी वेळा विचारलं जातं.

बायकांचं तर याहून अवघड. पुरुषाला तालीम आहे, कट्टा आहे. आजीला भजनी मंडळ, भिशी आणि हळदी-कुंकू. त्यातलं हळदी-कुंकू नवरा गेला की बंद. ज्या वयात सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच वेळी आपण दार लावतो. जोडीदार गेलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका विवाहितांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त असल्याचं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याकडे मी आरोग्याचा निर्णय म्हणूनही बघतो.

‘गप्पांनी डोक्याला ताप होतो.’ कधीकधी होतो, हे खरं. पण तक्रार ऐकून घ्या: ‘सगळे एकदम बोलतात, काही कळत नाही.’ हा ताप बहुतेकदा गप्पांचा नसतो, कानांचा असतो. कमी ऐकू येणारा माणूस दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो आणि हळूहळू कट्ट्यावर जायचंच सोडतो. अमेरिकेत श्रवणयंत्रांवर झालेल्या ‘अचीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले; त्यात सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्राचा स्पष्ट फायदा दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्या मेंदूची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. चष्मा लागला तर आपण लपवत नाही, कानाच्या यंत्राचीच लाज का?

‘शांत झालं, म्हणजे पिकलं.’ हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. रोज संध्याकाळी पंचगंगा घाटावर जाणारा माणूस अचानक जायचा थांबतो, पेपर उघडत नाही, फोन आला तर ‘तूच बोल’ म्हणतो, तेव्हा त्यामागं नैराश्य असू शकतं, थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. यांवर उपचार आहेत. ती स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते, आणि ती लवकर कळली तर औषधांचा, व्यवहाराचा, सांभाळण्याचा विचार त्या माणसाला सोबत घेऊन करता येतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना फक्त ‘विसरतात’ एवढंच सांगू नका. बाहेर जाणं कधीपासून थांबलं, कुणाला भेटायचं टाळतात, झोप कशी आहे, ऐकू किती येतं, हे घरातल्या एकानं कागदावर लिहून न्यावं.