‘वीस आठवड्यांत अंडे नाही, तर कोंबडी वांझ’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश पुन्हा पुन्हा येत असतो. त्याचा आशय असा : कोणतीही कोंबडी वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर आलीच पाहिजे; न आल्यास ती वांझ समजून कापावी; कोंबडा नसेल तर अंडी मिळणारच नाहीत; आणि घाई असेल तर तिसऱ्या महिन्यापासूनच लेयरचे (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) खाद्य सुरू करून खुराड्यात रात्रभर दिवा ठेवावा. यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळण्याजोगी नाही. शेवटच्या दोन तर पक्ष्याला सरळ अपाय करणाऱ्या आहेत.

आधी वीस आठवड्यांचा हिशेब पाहू. हा आकडा खोटा नाही, पण तो आपल्या परसातला नाही. पिंजऱ्यात वाढणाऱ्या, व्हाइट लेगहॉर्न या जातीपासून पैदास केलेल्या संकरित कोंबड्या १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवडच त्यासाठी झाली आहे आणि त्यांचे खाद्य, उजेड व वजन हे सारे मोजूनमापून ठरवलेले असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या ग्रामप्रियाला पहिल्या अंड्यापर्यंत साधारण साडेपाच महिने लागतात, तर वनराजाला सहा. देशी जातींपैकी कडकनाथ सुमारे १८० दिवसांनी अंड्यावर येते आणि असील त्याहूनही उशिरा, १९६ दिवसांच्या आसपास. म्हणजे वीस आठवड्यांना, १४० व्या दिवशी, जिला वांझ ठरवायचे ती असील अजून आठ आठवडे तरी अंडे देणार नसते. शिवाय वय मोजण्यातच पुष्कळदा गफलत होते. सरकारी योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा जो तलंगांचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण पक्ष्यांचा) गट मिळतो, त्यातले पक्षी ८ ते १० आठवड्यांचे असतात. बाजारातला विक्रेता मात्र दोन महिन्यांच्या पिल्लालाही ‘महिन्याभरात अंडी देईल’ असे म्हणून विकतो. मग घेणारा कॅलेंडरवर फुल्या मारत बसतो.

वांझपणाच्या आरोपाला उत्तर तलंगेच्या अंगावरच लिहिलेले असते, फक्त ते वाचावे लागते. अंड्यावर येण्याच्या आधी दोन-तीन आठवडे फिकट, आखडलेला तुरा भरू लागतो आणि लाल होतो (कडकनाथसारख्या काळ्या तुऱ्याच्या जातीत ही खूण उपयोगाची नाही), पाठीवर हात ठेवताच कोंबडी पंख किंचित पसरून खाली दबते आणि कोपरे, टोपल्या, कपाटाखालची जागा हुंगत फिरू लागते. याहून खात्रीची परीक्षा बोटांची आहे. कोंबडी काखेत धरून शेपटीखाली, मलद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावत असेल तर अजून अवकाश आहे. दोन-तीन बोटे सैल मावली तर अंडे आज-उद्यावर आले आहे. आमच्याकडची एक तांबडी तलंग चोविसाव्या आठवड्यातही एका बोटावरच होती आणि शेजारच्या काकू रोज ‘रस्सा कधी?’ असे विचारीत. सत्ताविसाव्या आठवड्यात तिने पहिले अंडे दिले. ते भरले अवघे ३८ ग्रॅम. पहिली अंडी अशीच लहान, कधी बिनबलकाची, तर कधी नुसत्या पातळ पापुद्र्यातली असतात आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते.

कोंबड्याचा मुद्दा चार ओळींत संपतो. अंडे तयार होण्याशी नराचा काहीही संबंध नाही, बीज फलित होण्याशी आहे. पिल्ले हवी असतील तर कोंबडा ठेवावा. नुसती अंडी हवी असतील, तर तो ठेवण्याने पहाटे शेजारी तेवढे जागे होतात.

खाद्याचा सल्ला मात्र गंभीर आहे. वाढीच्या वयातल्या पक्ष्याच्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ टक्का असते, लेयरच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जात असल्यामुळे अंडी देणाऱ्या कोंबडीला ते लागतेच. पण जिचे कवच अजून बनतच नाही अशा तीन महिन्यांच्या तलंगेला ते आठवडेच्या आठवडे दिल्यास जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर पडतो, ती निकामी होऊ लागतात आणि युरिक आम्लाचे पांढरे क्षार आतल्या अवयवांवर साचतात. कोंबडी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करू लागते तो पहिल्या अंड्याच्या आधी साधारण दोन आठवडे, म्हणजे तुरा लाल होऊ लागल्यावर. खाद्य बदलायचे ते तेव्हा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, ज्या कोंबडीला गरज असेल ती तो आपणहून टिपते. उरलासुरला भात आणि भाकरीचे तुकडे हे पोटभरीचे असले, तरी त्यांत प्रथिने थोडी असतात, आणि अंडे लांबण्याचे खरे कारण पुष्कळ घरांत हेच असते.

दिव्यामागे अर्धे सत्य आहे. उजेड कोंबडीच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि दिवस मोठा होत चालला की अंडाशय जागे होते. महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे जुलैच्या आरंभी उबवलेली तलंग ऐन डिसेंबरात वयात येते आणि रेंगाळते, तर ऑक्टोबरची तलंग मार्चच्या वाढत्या दिवसांत पटकन अंड्यावर येते. पण शरीर भरण्याआधीच उजेड वाढवला, तर अरुंद हाडांमधून अंडे रेटताना अंडनलिकेचा भाग बाहेर येतो, त्या लाल मांसावर इतर कोंबड्या चोची मारतात आणि ती कोंबडी बहुधा वाचत नाही. दिवा लावायचाच असेल, तर वजन भरलेल्या, लाल तुऱ्याच्या कोंबडीसाठी, दिवसाचा उजेड धरून एकूण १४ ते १६ तास होतील इतकाच, आणि तोही हळूहळू वाढवत लावावा. उरलेला वेळ अंधार हवा. रात्रभर उजेडात ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात.

संदेशात नसलेली एक शक्यता अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या बाबतीत आधी तपासावी : अंडे घातलेले असते, पण आपल्याला सापडलेले नसते. मोकळी हिंडणारी कोंबडी आडोशाची, काळोखी जागा निवडते. आमच्या ओळखीच्या एका घरी ‘वांझ’ ठरलेल्या कोंबडीची अकरा अंडी शेणींच्या उतरंडीमागे निघाली. ती पाण्यात सोडून पाहिली, तेव्हा सात तळाशी आडवी बसली, दोन उभी राहिली आणि दोन तरंगली. तरंगलेली दोन टाकून दिली. त्यानंतर तिला रोज सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवू लागले आणि खुराड्यातल्या पेंढ्यावर एक लाकडी अंडे ठेवले. चौथ्या दिवशी त्याच्या शेजारी खरे होते.