फोन बोलतो म्हणून वर्ग बंद करायचा?

भांडुपच्या टेकडीवरच्या समाजमंदिरात आम्ही संध्याकाळी मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग घेतो. त्यामुळे सध्या फिरणारा एक मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोन आता ऐकतो, बोलतो, वाचून दाखवतो, मग म्हातारपणी अक्षरं गिरवायची कशाला? ज्यांना हौस आहे त्यांना यूट्यूब आहे, शिक्षक नको. सरकारनंही ॲपच काढलंय. आणि पन्नाशीनंतर डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा वर्ग बंद करा, हॉल मोकळा करा.

मी वर्गात रोज फोन वापरते, आणि त्याच अनुभवावरून सांगते की यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पहिला मुद्दा, फोन बोलतो. बोलतो ना, पण सगळ्यांदेखत बोलतो. आमच्या वर्गातल्या एक मावशी तीन घरची कामं करतात. दहा बाय बाराच्या खोलीत घरातली सहा माणसं. पाळी बंद होऊन चार वर्षं झालेली आणि परत अंगावरून जायला लागलं. हे कणकवलीच्या बहिणीला सांगायचं कसं? व्हॉइस मेसेज करावा तर मुलगा, सून, नातू ऐकणार. बहिणीचं उत्तर आलं तर तेही मोठ्यानं वाजणार. एका संध्याकाळी मावशी कोपऱ्यात बसल्या, वही माझ्यापासूनही हातानं झाकून घेतली, चार ओळी लिहायला अर्धा तास लावला आणि फोटो काढून बहिणीला पाठवला. मी विचारलं नाही. दवाखान्यात सोबत हवी होती तेव्हा त्यांनीच मला सांगितलं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला स्वतःपुरतं काही ठेवता येत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

शिवाय फोन सगळीकडे वाचून दाखवत नाही. सकाळच्या गर्दीत स्टेशनवर इंडिकेटरवरचं नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असं फिरत असतं. तेवढ्यात कळावं लागतं, गाडी ठाण्याची की कल्याणची, धीमी की जलद. तिथे फोन काढून कोण विचारणार?

पैशाचं तर विचारूच नका. ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगून आमच्या एकीचे अठराशे रुपये नेले. तिला आकडे येत होते, म्हणून पिन बरोबर टाकला. समोरचा ‘पे’ हा शब्द तेवढा वाचता आला नाही. पैसे घेताना पिन लागतच नाही, हे आम्ही आता फळ्यावर लिहून ठेवलंय. ॲपची भाषा मराठी कशी करायची हाही आमचा धडा आहे, आणि फसवणूक झाल्यास १९३० हा नंबर सगळ्यांना पाठ आहे.

यूट्यूबचं म्हणाल तर चांगले व्हिडिओ आहेत, मी ते घरून डाउनलोड करून नेते. पण व्हिडिओला समोरचीचा हात दिसत नाही. ‘ळ’ काढताना पेन्सिल कुठे अडखळली, ती मागे का बसली, आज रडवेली का आहे, हे त्याला कळत नाही. आणि घरी बसून बघायचं तर फोन कुणाचा? आमच्याकडे अनेकींचा फोन मुलाबरोबर रात्रपाळीला जातो.

फोनचा खरा उपयोग आम्हाला वेगळाच सापडला. एकीनं फोनजवळ एक वाक्य बोलायचं, ते अक्षरांत उमटतं, मग तेच वहीत उतरवून वाचायचं. वाक्य तिचंच असल्यानं पुढचा शब्द काय असणार हे तिला ठाऊक असतं, त्या आधारावर अक्षरं लागतात. मालवणी बोललं की फोन गडबडतो. कुणी ‘माका’ म्हटलं आणि पडद्यावर भलतंच उमटलं की ती चूक बायकाच पकडतात. चूक पकडायला वाचावं लागतं, आणि वाचायला बसलेल्या बायका मग लवकर उठत नाहीत.

सरकारी ॲपबद्दल. ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ पासून १५ वर्षांवरच्यांसाठी सुरू आहे आणि तो चालतो स्वयंसेवकांवर. ॲपवर नोंदणी होते, साहित्य मिळतं. शिकवायला माणूसच लागतो. शेवटी परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. फोनला बोलून लेखनाचे पन्नास गुण मिळत नाहीत. याच मुंबईतल्या टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीनं तिचे माजी प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं २००० च्या सुमारास संगणकावरून प्रौढांना वाचायला शिकवण्याचा कार्यक्रम आणला होता, मराठीतही. त्याचा भर वाचनावर होता, आणि तिथेही संगणकापाशी शिकवणारं माणूस असायचंच.

राहिला वयाचा मुद्दा. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन तपासले गेले. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मेंदूत बदल दिसले. ती माणसं बहुतेक तिशीच्या आसपासची होती, हे मान्य. मग मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे बघा. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून पाटी घेऊन बसल्या.

आमच्याही दोघी तीन महिने ‘घ’ आणि ‘ध’ एकच वाचत होत्या. ‘बाई, आमच्या डोक्यात नाही शिरत आता,’ असं त्याच म्हणायला लागल्या होत्या. मग वस्तीत डोळे तपासणीचं शिबिर लागलं. दोघींना जवळचा चष्मा निघाला. चष्मा लावून त्या वर्गात आल्या, पुस्तक हातात धरलं आणि ‘घर’, ‘धर’ लागोपाठ वाचून दाखवलं.