कालिंदी खालला दोर लागतो, परवानाही लागतो

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक निरोप फिरतोय: ‘रालामंडलची टेकडी न दमता चढता ना, मग गंगोत्रीहून कालिंदी खालमार्गे बद्रीनाथही जमेल, दोर-परवाना काही लागत नाही.’ हे साफ चूक आहे. कालिंदी खाल ही खिंड सुमारे ५,९५० मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. वाट हिमनदीवरून जाते आणि ताज्या बर्फाखालच्या भेगा दिसतच नाहीत. म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून घेऊन चालायचं. भेगेत पडलेल्याला वर ओढायचा सरावही आधीच हवा. नुसता दोर सॅकमध्ये ठेवून कुणी वाचत नाही. पलीकडचा भाग सीमेलगतचा, त्यामुळे इनर लाइन परवाना लागतोच. आणि विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. तो निरोप पुढे पाठवला असेल, तर कृपया हा खुलासाही पाठवा.