साडीचा रंग तर दिसू दे
लेखात दुकानात मोठ्या एलईडी भिंती (म्हणजे भिंतीएवढे स्क्रीन), चहूबाजूनं आवाज लावून गिऱ्हाईक रमवायचं म्हटलंय ते पटलं, पण आमच्या सांगलीत एका साडीच्या दुकानात असली भिंत काउंटरच्या अगदी पुढ्यात लावलीय, जवळनं नुसते ठिपके दिसतात. ढोबळ हिशोब असा की ठिपक्यांत जेवढे मिलिमीटर अंतर तेवढे मीटर तरी लांबनं बघायचं, बसवणाऱ्यानं हे सांगायलाच पाहिजे होतं. शिवाय तिचा निळा उजेड साडीवर पडतो, मोरपंखी कुठला न् हिरवा कुठला कळेना म्हणून आई साडी घेऊन दारात उन्हाला गेली. स्क्रीन खुशाल लावा, पण साडी उलगडतात तिथं सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वरचा पांढरा लाईट पाहिजेच, आणि आवाज जरा बारीक ठेवा की, भाव विचारायला ओरडावं लागतंय.